वाळूत घुसणारी मुरी ओळखायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात खान्देशातल्या नद्यांमधल्या माशांवर लिहिताना मुरीवर फक्त एक ओळ लिहिली होती, आणि सगळ्यात जास्त पत्रं, मेसेज त्याच एका ओळीवर आले. बऱ्याच जणांनी फोटोही पाठवले. म्हणून या वेळचं सगळं सदर मुरीलाच देतोय. काही प्रश्न लांब होते ते थोडे छोटे केलेत, बाकी जसेच्या तसे.

प्रश्न: गिरणेचं आवर्तन (धरणातून सोडलेलं पाणी) बंद झालं की आमच्याकडे पात्रात डबकी राहतात. पोरं जुनं लुगडं धरून त्यात मासे काढतात. त्यात बोटाएवढा पिवळसर, ठिपक्याठिपक्यांचा, मिशीवाला मासा येतो आणि नेमका तोच कापडात अडकून बसतो. कुणी म्हणतं वामचं पिल्लू, कुणी म्हणतं शिंगटीचं. मुलाने फोटो पाठवलाय, बघून सांगा. (शेतकरी वाचक, भडगाव तालुका)

दादा, फोटो थोडा हललाय पण काही बिघडत नाही, कारण तुम्ही जे सहज लिहून गेलात ना, "कापडात अडकून बसतो", तीच या माशाची सगळ्यात पक्की खूण आहे. ही मुरी. शास्त्रीय नाव लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस. पिल्लू कुणाचंच नाही, हा मासा असतोच एवढा, पूर्ण वाढला तरी सात-आठ सेंटीमीटरच्या आसपास आणि आपल्याला हाताला लागतात ते बहुतेक त्याहून लहानच.

आता तो अडकतो का ते बघा. मुरीच्या डोळ्याच्या अगदी खाली एक बारीक काटा असतो, दोन टोकांचा, आणि एरवी तो कातडीतल्या खाचेत चाकूचं पातं मिटावं तसा मिटलेला असतो त्यामुळे नुसत्या नजरेला दिसतच नाही. मासा घाबरला, कुणी धरला की तो काटा बाजूला उघडतो आणि ताठ उभा राहतो. दोन्ही बाजूला असे काटे उघडले की मग लुगड्याचे धागे असोत नाहीतर जाळ्याची वीण असो, त्यात तो गुंतणारच. मोठ्या माशाच्या तोंडात गेला तर तिथेही हाच काटा कामाला येतो. पोरांना एवढं जरूर सांगा की अडकलेली मुरी ओढून काढायची नाही, ओढली की काटा मोडतो नाहीतर डोळ्याजवळची कातडी फाटते, कापड तसंच पाण्यात बुडवून जरा वेळ धरलं की मासा शांत होतो, काटा मिटतो आणि तो आपला आपण सुटतो. काट्यात विष वगैरे काही नाही, बोटाला टोचला तर टोचल्यासारखं वाटेल एवढंच.

हाताने खात्री करायची असेल तर बोटं ओली करा, पांढऱ्या ताटलीत नदीचंच थोडं पाणी घेऊन त्यात मासा ठेवा आणि नख डोळ्याच्या खालून अगदी हलकं फिरवा, पण शेपटीकडून तोंडाकडे. नख अडकलं की समजा काटा आहे. तोंडाकडून शेपटीकडे फिरवलंत तर काहीच लागणार नाही कारण काट्याची टोकं मागे वळलेली असतात. बरेच जण उलटं फिरवतात आणि मग म्हणतात काटा नाहीये.

वाम आणि शिंगटीचं म्हणाल तर वामला मिशा नसतात, तोंड लांब निमुळतं असतं आणि त्याच्या टोकाला मांसाचा छोटा कोंब असतो, पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते आणि पोटाखाली परांची जोडी नसते. मुरीला पोटाखाली परांची जोडी आहे, उलटी केली की लगेच दिसते. शिंगटीच्या पिल्लाला पाठीच्या आणि छातीच्या परांना कडक काटा असतो, अंगाला खवले नसतात, आणि पाठीवर मागच्या बाजूला एक जाडसर मांसल पर असतो. मुरीच्या पाठीवर एकच छोटा पर, मागे काही नाही. खवले मुरीला असतात, पण इतके बारीक आणि बुळबुळीत अंगात बसलेले की नसल्यासारखेच वाटतात. आणि पाठीवर एकामागे एक दोन पर दिसले तर मग ती तिसरीच गोष्ट, ती खरबी नावाचा वेगळा मासा.

प्रश्न: मी धुळ्याला बीएस्सीला आहे. झूलॉजीच्या प्रोजेक्टसाठी पांझरेतून दोन टाईपच्या मुऱ्या मिळाल्या. दोन्हींच्या शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला काळा ठिपका आहे. आमच्या ग्रुपमध्ये वाद चाललाय, अर्धे म्हणतात एकच जात आहे, एक नर एक मादी. सर म्हणाले मिशा मोजा. मिशा मोजल्या तरी कन्फ्युजन आहेच. (विद्यार्थिनी)

ताई, तुझ्या प्रश्नाने फार बरं वाटलं, कारण मुरी ओळखताना सगळे जिथे अडकतात नेमकी ती जागा तू पकडलीस. तू पाठवलेल्या फोटोंवरून सांगतो, त्या नर-मादी नाहीत. दोन वेगळ्या जाती आहेत, एवढंच नाही तर दोन वेगळ्या कुळातल्या आहेत.

एक ती वर सांगितलेली थर्मॅलिस, काट्याची. दुसरी पॅराकँथोकोबायटिस मूरेह, जिचं वर्णन कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांवर लिहिताना केलं. हिच्या कुळातल्या माशांना डोळ्याखाली काटा नसतोच. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका मात्र दोघींना असतो, त्यामुळे नुसता ठिपका बघून नाव लिहिलं की चूक ठरलेली. आता तू पाठीचा पर बघ, तुझ्या दुसऱ्या फोटोत तो छान उघडलेला आहे. मूरेहचा पाठीचा पर लांब असतो, त्यातले फांद्या फुटलेले काटे (पराला आधार देणाऱ्या काड्या, डोळ्याखालचा काटा नव्हे) साधारण दहा किंवा जास्त भरतात. थर्मॅलिसचा पर आखूड, त्यात असे काटे सहा-सात. बारीक काडीने पर उघडून भिंगाखाली मोजायचे, फोटोवरून मोजत बसू नकोस.

आणि इथे एक गंमतशीर फसगत आहे ती नीट लक्षात ठेव. मूरेहच्या नराला डोळ्याखाली एक मांसल झडप असते. वरून बघितलं की ती काट्यासारखीच वाटते आणि चांगले चांगले लोक तिथे फसतात. फरक बोटाला कळतो, झडप मऊ लागते, नख अडकत नाही. म्हणून मी सारखं म्हणतो की बघू नका, चाचपा.

मिशांचं सांगतो. सरांचं म्हणणं बरोबर आहे की मिशा मोजायच्या, पण नुसत्या मिशांवर निकाल लागत नाही. थर्मॅलिसला तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या स्पष्ट असतात, आणि खालच्या ओठाच्या दोन पाळ्या टोकदार होऊन खाली आलेल्या असतात त्या धरल्या तर आठ होतात. मूरेहला सहाच. आता इथपर्यंत सोपं वाटतं, पण इंडोरिओनेक्टेस एव्हेझार्डी म्हणून एक मुरी आहे, जिचं वर्णन माशांचे अभ्यासक फ्रान्सिस डे यांनी 1872 साली पुण्याच्या माशांवरून केलं, तिच्या नाकपुड्यांची कड लांब होऊन मिशीसारखी पुढे येते, म्हणजे तिच्याही आठ दिसतात! फक्त तिच्या त्या दोन जास्तीच्या मिशा नाकाजवळ वर असतात आणि थर्मॅलिसच्या हनुवटीखाली. तेव्हा रिपोर्टमध्ये 'मिशा आठ' एवढंच लिहू नकोस, त्या कुठून निघतात तेही लिही.

एकाच जातीतले नर-मादी हवे असतील तर थर्मॅलिसच्या छातीचे पर बघ. नराच्या त्या परातले आतल्या बाजूचे दोन काटे जाड होऊन एकमेकांना चिकटलेले असतात, एक कडक पट्टी झाल्यासारखी दिसते, मादीचे सगळे काटे सुटे आणि मऊ. पावसाळ्यात मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं असतं तेही वरून कळतं. थर्मॅलिसच्या वंशातल्या जातींची फेरतपासणी हॅविर्ड आणि पेज या दोन संशोधकांनी 2010 साली केली, त्यात नराच्या या पराला फार महत्त्व दिलंय, कॉलेजच्या लायब्ररीतून मिळाला तर तो पेपर जरूर वाच.

रंगाचं आता बोलतो. थर्मॅलिसच्या अंगावर पिवळसर रंगावर तपकिरी ठिपके, बाजूला मधोमध मोठ्या डागांची एक ओळ, तोंडापासून डोळ्यापर्यंत एक काळी रेघ, शेपटीच्या परावर ठिपक्यांच्या आडव्या ओळी आणि शेपटीचं टोक जवळजवळ सरळ कापलेलं. पण हे डाग प्रत्येक माशाचे वेगळे असतात, पांढऱ्या वाळूवरचा मासा फिका आणि गाळातला गडद असतो, आणि फॉर्मॅलिनमध्ये (मासा कुजू नये म्हणून वापरायच्या रसायनात) टाकला की थोड्या दिवसांत रंग उडायला लागतो. म्हणून बाटलीत टाकायच्या आधी जिवंतपणीच फोटो काढून ठेव: एक बाजूने, एक वरून, एक डोक्याचा अगदी जवळून, एक शेपटीचा. शेजारी पट्टी ठेव. आणि बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाक, नदी कोणती, गाव कोणतं, तारीख, तळाला वाळू होती की गोटे की गाळ. पेनची शाई पसरते. दोन-तीन मासे पुरेत, प्रोजेक्टसाठी डबाभर मासे मारायची काही गरज नाही.

सातपुड्यातल्या ओढ्यांकडे गेलात तर अंगावर आडवे पट्टे असलेली शिस्टुरा डेनिसोनी पण बघायला मिळेल. ती गोट्यांच्या खाली राहणारी, काटा नाही, शेपटीच्या बुडाशी ठिपक्याऐवजी काळी आडवी पट्टी. तिच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

प्रश्न: नेटवर वाचलं की थर्मॅलिस मुरी पहिल्यांदा गरम पाण्याच्या झऱ्यात सापडली. मग आपल्या उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडात मिळेल का? (चोपडा)

पहिलं वर्णन 1846 साली व्हॅलेन्सिएन्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने केलं आणि ते मासे श्रीलंकेत त्रिंकोमालीजवळच्या गरम झऱ्यांचे होते, हे खरं आहे. पण मुरीला गरम पाणीच लागतं असं अजिबात नाही, ती साध्या नद्या-ओढ्यांत, पाटांत, तळ्यांच्या कडेला राहते. उनपदेवच्या कुंडात जाळं घालू नका, ती लोकांच्या श्रद्धेची जागा आहे. मुरी बघायची असेल तर वाळूचा तळ असलेला कुठलाही संथ ओढा बघा.

प्रश्न: आमचं शेत फडावर (नदीवरच्या बंधाऱ्याच्या पाटाने सगळ्यांचं मिळून भिजणाऱ्या शिवारात) आहे. पाटाचं पाणी बंद केलं की तळाच्या ओल्या गाळात मुऱ्या जिवंत सापडतात, बाकीचे मासे कधीच मरून गेलेले असतात. पाण्याशिवाय या जगतात कशा? (साक्री तालुका)

काका, पूर्ण पाण्याशिवाय नाही जगत, पण कमी पाण्यात आणि घाण पाण्यात त्या इतर माशांपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात, त्याचं कारण फार सुंदर आहे. बाकीचे मासे कल्ल्यांनी पाण्यातला ऑक्सिजन घेतात, पाणी तापलं, आटलं, त्यात पाला सडला की तो ऑक्सिजन संपतो आणि मासे तडफडतात. काट्याच्या मुरीच्या, म्हणजे थर्मॅलिसच्या कुळातले मासे अशा वेळी वर येऊन तोंडाने हवा गिळतात. ती हवा आतड्यात जाते आणि आतड्याच्या मागच्या भागाला बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तिथून ऑक्सिजन रक्तात घेतला जातो, उरलेली हवा मागून बुडबुड्याने बाहेर पडते. तुमच्या पाटात डबकं राहिलं असेल तर त्याच्या कडेला न हलता उभं राहून बघा, मुरी सुर्रकन वर येते, तोंड बाहेर काढते आणि क्षणात परत तळाला, नजर हलली की दिसायची राहते.

दुसरं म्हणजे ती ओल्या वाळूत, गाळात घुसून बसते त्यामुळे उन्हाचा ताप कमी लागतो, बगळ्यालाही दिसत नाही. पण गाळ पूर्ण वाळून तडकला की मुरी पण मरते, ती काही कोरड्या मातीत महिनोन्‌महिने झोपून राहणारी नाही. पांझरा, मोसम, आरमवरचे हे फडाचे पाट तीन-चारशे वर्षांचे आहेत आणि माणसाच्या शेतीबरोबर या माशांनाही त्यांनी जागा दिलीय. तेव्हा पाटकऱ्याशी बोलून बघा, पाणी एकदम तोडण्याऐवजी हळूहळू कमी केलं तर बरेच मासे उतरत्या पाण्याबरोबर नदीला परत लागतात. आणि तळाला सापडलेल्या मुऱ्या पोरांनी बादलीत घालून खालच्या डोहात सोडल्या तर फारच छान.

प्रश्न: लहानपणी गिरणेत पाय घातला की पायाखालून मुऱ्या सटकायच्या. आता आमच्या गावाला एकही दिसत नाही. वाळू उपशामुळे असेल का? की जातच संपली? (एरंडोल तालुका)

जात संपलेली नाही. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत ही काट्याची मुरी पुष्कळ ठिकाणी आहे आणि आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीतही ती धोक्यात धरलेली नाही. पण जात टिकून असते आणि आपल्या गावाजवळचा नदीचा तुकडा रिकामा होतो, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, आणि गिरणेच्या बाबतीत वाळू हे कारण सगळ्यात वर धरायला हवं.

मुरीचं शरीरच तळासाठी बनलेलं आहे हे समजून घ्या. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे तो पाण्यात मधेच तरंगत राहू शकतो. मुरीची ही पिशवी लहान झालीय आणि तिच्यावर हाडाचं कवच आहे, म्हणून मुरी पोहणं थांबली की खाली बसते. तोंड खालच्या बाजूला, मिशांवर चव ओळखणारे कण, त्या मिशांनी वाळू चाचपत ती रात्री फिरते, वाळू तोंडात घेते, त्यातल्या किड्यांच्या अळ्या, बारीक जंत, शेवाळाचे तुकडे ठेवते आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडते. दिवसा किंवा धोका दिसला की डोकं खाली घालून अंग हलवत वाळूत जाते, नुसते डोळे वर राहतात. म्हणजे घर, जेवण, लपण सगळं त्या वरच्या विताएवढ्या मऊ वाळूत.

आता पोकलेनने ती वाळू काढली की खाली काय राहतं? काही ठिकाणी कडक मुरूम नाहीतर खडक, तिथे ती घुसू शकत नाही. काही ठिकाणी खोल खड्डे, त्यात चिकट गाळ साठतो, गाळाचे कण कल्ल्यात भरतात, तळाच्या अळ्या बदलतात आणि खोल पाण्यात मोठे मासे येऊन बसतात. पाणी तेवढंच दिसतं, लोक म्हणतात नदी तर भरलेली आहे मग मासे कुठे गेले. मासे वाळूबरोबर गेले! गिरणेची वाळू ट्रॅक्टर-डंपर भरभरून कशी जाते हे जळगाव जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, ते बघून जीव तुटतो. वरच्या धरणात वाळू अडते, त्यामुळे काढलेली परत भरून यायलाही वेळ लागतो.

त्यात ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारायचे प्रकार आहेत. एका डब्यात डोहातले सगळे जीव मरतात, तळाला बसलेले तर आधी. विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारायला 1897 च्या मासेमारी कायद्यापासून बंदी आहे, म्हणजे ही काही आजची नवीन अट नाही. चोरटी वाळू जात असेल तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा, फोटो, तारीख, जागा लिहून, आणि एकट्याने न करता गावातल्या चार जणांच्या सह्या घेऊन करा.

मुऱ्या खरंच गेल्यात का ते आधी तपासून बघा. पाऊस सरल्यावर पाणी निवळलं की गावाच्या वर आणि खाली जिथे अजून वाळू शिल्लक आहे अशी गुडघाभर पाण्याची जागा निवडा, पिठाची मोठी चाळणी घ्या, तळाची वाळू हळूच उचलून पाण्यातच हलवा. मुऱ्या असतील तर चाळणीत वळवळतील. दरवर्षी त्याच जागी, त्याच दिवसांत असं बघून वहीत लिहून ठेवलंत तर तुमच्या गावाकडे नदीची खरी नोंद तयार होईल, आणि तक्रार करतानाही तीच वही उपयोगी पडेल. वरच्या अंगाला मुऱ्या शिल्लक असल्या आणि वाळू पुन्हा साचू दिली तर पुराच्या पाण्याबरोबर त्या खाली येऊ शकतात.

प्रश्न: डासांसाठी टाकीत मुऱ्या सोडल्या तर चालतील का? (अमळनेर)

नाही. डासाच्या अळ्या पाण्याच्या वरच्या थरात लटकतात आणि मुरी खाते तळाला. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, घट्ट झाकण लावा.

प्रश्न: मुलीला मुरी फार आवडते, घरच्या फिश टँकमध्ये ठेवायचीय. काय काळजी घ्यावी? (जळगाव)

ठेवता येते, पण खाली दुकानात मिळणारे टोकदार रंगीत खडे नकोत. त्यावर मिशा घासून झिजतात आणि मुरीला घुसता येत नाही, मग ती दिवसभर कोपऱ्यात भेदरून बसते. बारीक, गोलसर कणांची नदीची वाळू घ्या, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा, तीन बोटं जाडीचा थर द्या. नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडाल्यावरच घाला. टँकला झाकण हवंच, मुरी रात्री उडी मारते आणि सकाळी फरशीवर सापडते. एकटी ठेवू नका, चार-पाच असल्या तर मोकळ्या फिरतात. खाणं संध्याकाळी लाईट बंद केल्यावर द्या, तळाला बुडणारं, नाहीतर वरचे मासे सगळं संपवतात. आणि पाणी बदलताना जाळीने धरू नका, डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो, सरळ मग किंवा वाटीने पाण्यासकट उचला.

मुलीला सांगा की पहिले काही दिवस मुरी दिसणारच नाही, ती वाळूत असेल, म्हणून वाळू उकरून शोधायची नाही. आणि पुढे कधी ठेवणं जमलं नाही तर नदीत परत सोडू नका, विशेष करून दुकानातल्या माशांबरोबर ठेवली असेल तर, त्यांचे रोग नदीतल्या माशांना लागतात. ज्यांच्याकडे वाळूचा टँक आहे अशा ओळखीच्या कुणाला तरी द्या.